उस्तादाची पाटी

आम्ही तिघं त्या डोंगरावर गेलो ते एक पाटी शोधायला. तळहाताएवढी पितळी पाटी. ती शिखरावर आहे असं सगळ्या गावात एकच माणूस म्हणत होता, आणि तो माणूस आता अंथरुणाला खिळला होता. बाकीचं गाव म्हणायचं, पाटी नाही नि बिटी नाही, सगळी थाप!

नुसतं म्हणून थांबतील तर ते लोक कसले! त्यांनी त्याची म्हणच करून टाकली होती. कुणी जरा फुशारकी मारायला लागलं की समोरचा डोळा मिचकावून म्हणायचा, "ए बाबा, उस्तादाची पाटी लावू नकोस!" केस कापायला बसलं तरी हेच कानावर यायचं. उस्ताद कोण, पाटी कसली, हे ठाऊक नसलेली शाळेतली पोरंसुद्धा एकमेकांना हेच ऐकवायची.

मला मात्र उस्ताद चांगले ठाऊक होते. मी त्यांच्याच हाताखाली तयार झालो. आमचं दुकान म्हणजे एक लांबोडकी खोली. खिडकीखाली बाक, बाकावर दुरुस्तीला आलेले बॉयलरचे दाबमापक, दवाखान्यातले वजनकाटे, तापमापक; भिंतीवर खिळ्यांना लटकवलेल्या तबकड्या; आणि सगळीकडे मशीन ऑइलचा वास. मी अंगाने किडकिडीत, त्यात दिवसभर तबकड्यांवर काटे बसवणारा, म्हणून माझं नाव पडलं काट्या. आज साठी उलटली, पोट सुटलं, तरी जुनी माणसं काट्याच म्हणतात. तशी हाक मारणारी आता दोनचारच उरली आहेत म्हणा.

तर उस्तादांची गोष्ट अशी. ऐन तिशीत त्यांनी स्वतःच्या हाताने एक उंचीमापक बनवला आणि तो गळ्यात अडकवून एकटेच शिखराकडे गेले. चौथ्या दिवशी परतले ते नाकाचा शेंडा थंडीने काळा पडलेला, पण आनंदाने नाचत! वर वादळ होतं, धुक्यात हातभर पुढचं दिसत नव्हतं, पण काटा बरोबर चार हजार दोनशे दहा मीटरवर आला, नकाशात शिखराची उंची आहे अगदी तेवढ्यावर, आणि तिथल्या खडकाच्या फटीत मेखा ठोकून त्यांवर चार स्क्रूंनी आपण पाटी बसवून आलो, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. दोन वर्षांनी गिर्यारोहण मंडळाची सात माणसं पश्चिमेच्या वाटेने वर गेली. स्वच्छ ऊन होतं. त्यांनी माथ्यावरचा दगड न् दगड पाहिला. पाटी नव्हती! मंडळाच्या अध्यक्षांनी भर सभेत तसं सांगितलं, आणि त्या दिवसापासून आमचे उस्ताद थापाडे ठरले.

ताई म्हणजे उस्तादांची एकुलती एक मुलगी. दवाखान्यात नर्स होती, माझ्याहून पाच वर्षांनी मोठी, बोलायला तिखट. उस्तादांना अर्धांगवायूचा दुसरा झटका आला आणि डॉक्टरांनी महिन्याभराची भाषा केली, त्या दिवशी ती दुकानात आली आणि माझ्यासमोर स्टूल ओढून बसली.

"काट्या, मला डोंगरावर जायचंय. पाटी बघायला."

"ताई, आत्ता? उस्तादांना असं टाकून?"

"मावशी बघेल चार दिवस. ऐक. मी चौदा वर्षांची असताना बाबा माझ्या मैत्रिणींना ती गोष्ट सांगायला बसले. मला लाज वाटली. मी सगळ्यांदेखत म्हटलं, बाबा, पुरे झाल्या थापा! ते मधेच थांबले. त्यानंतर त्यांनी कधी डोंगराचं नावसुद्धा काढलं नाही. पंधरा वर्षं झाली, काट्या."

मी हातातला पान्हा उगाच पुसत राहिलो.

"आणि पाटी नसली तर?" मी शेवटी विचारलं.

"नसली तर नसली. निदान कळेल तरी. पण असली, तर त्यांचे डोळे मिटायच्या आत मला त्यांची माफी मागायची आहे."

तिसरा गडी म्हणजे आमचा शिंपी. तो तंबू, ताडपत्र्या, घोंगड्याच्या पिशव्या असलं जाडंभरडं शिवायचा. म्हणून शिलाईच्या टाक्यावरून आम्ही त्याला बखिया म्हणायचो. देहाने आडवा, जिभेला हाड नाही, पण मनाने लोणी! कड्यांवर आम्ही तिघं लहानपणापासून एकत्रच बागडलो होतो. त्याला विचारलं तर म्हणाला, "येतो की! पण दोरीच्या मधे मी. कापड मधे धरलं की फाटत नाही."

उस्तादांना आम्ही सांगितलं नाही. दवाखान्याच्या कामाने परगावी जाते म्हणून ताईने वेळ मारून नेली. मी भिंतीवरचा तोच जुना उंचीमापक उतरवला, रात्रभर नाही पण दोन दुपारी खपून त्याची स्प्रिंग, तरफा, चाकं सगळं साफ केलं, आणि गळ्यात अडकवला. काय मऊ चालत होता काटा! सव्वीस वर्षांचं यंत्र, पण हात कुणाचा लागला होता!

पहिल्या दिवशी बस, मग पाइनचं जंगल. दुसऱ्या दिवशी जंगल संपलं आणि गवताचे उतार लागले. दुपारी आम्ही मेंढपाळांच्या दगडी खोपीत पोचलो. काटा तीन हजार चारशेवर. ती संध्याकाळ मी अजून विसरलेलो नाही. आकाश धुतल्यासारखं निळं, वाऱ्याचं नाव नाही, समोर शिखर तांबूस झालेलं, आणि आम्ही तिघं उंबऱ्यावर बसून एकाच पातेल्यातला चहा आळीपाळीने पितोय. बखियाने अध्यक्षांची नक्कल केली, ताई ठसका लागेपर्यंत हसली. पुढे आयुष्यात पुष्कळ बरं खाल्लंप्यालं, पण त्या धुरकट चहाची सर कशालाच आली नाही.

आणि सकाळी मी तो घोटाळा केला.

उठल्याबरोबर उंचीमापक बघितला. काटा तीन हजार चारशे साठवर! खोपी काय रात्रीत साठ मीटर वर चढली? मी टिचकी मारली. काटा थरथरला, पण हलला नाही. स्प्रिंग सटकली की काय? आणि मीच तर साफ केलेली! आता हे ताईला कुठल्या तोंडाने सांगू? मी खिशातून बारका स्क्रूड्रायव्हर काढला, पाठ फिरवली, आणि काटा गुपचूप चारशेवर आणून ठेवला. काम फत्ते! वर स्वतःचीच पाठ थोपटली. यंत्र दुरुस्त करणाऱ्याचं हे असं असतं. काटा हलला की त्याला यंत्र बिघडलेलं दिसतं, आभाळ बिघडलं असेल हे त्याच्या डोक्यातच येत नाही.

आम्ही पूर्वेच्या धारेने निघालो. उस्ताद याच वाटेने गेले होते. बुटांना लोखंडी दात बांधले, दोरी कमरेला आवळली, बर्फात रोवायच्या कुऱ्हाडी हातात घेतल्या. पुढे ताई, मधे बखिया, मागे मी. पहिले दोन तास मजेत गेले. बर्फ टणक होता, प्रत्येक पाऊल कुरकुर वाजत होतं. मग पश्चिमेकडून एक करडी पट्टी उठली.

"ते काय रे?" ताईने विचारलं.

"ढग आहे, जाईल," मी म्हटलं. शहाणा ना मी!

पट्टीची भिंत झाली. भिंत आमच्याकडे चालत आली. अर्ध्या तासात ऊन गेलं, शिखर गेलं, मग बखियाची पाठसुद्धा धुक्यात गेली. वारा असा सुटला की चालताना तिरकं व्हावं लागत होतं. धार अरुंद होत गेली. डावीकडे कड्याचा भक्कम खडक, उजवीकडे वाऱ्याने रचलेली बर्फाची पडवी. ती वरून भक्कम दिसते, पण खाली आधार नसतो.

"डावीकडे राहा!" ताई ओरडली.

बखियाचा पाय उजवीकडे पडला.

काड्कन आवाज झाला. दोरी धनुष्याच्या प्रत्यंचेसारखी ताणली गेली. मी आडवा पडलो. कुऱ्हाड बर्फात घातली! घसरलो. पुन्हा घातली! या वेळी रुतली. पुढे ताई पालथी पडून दोन्ही हातांनी आपली कुऱ्हाड धरून होती. आमच्या मधे बखिया नव्हताच. नुसतं एक भोक होतं, आणि त्यातून खाली जाणारी दोरी.

"बखिया!" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

खालून क्षणभर काहीच नाही. मग वाऱ्यातून बारीक सूर आला, "अरे, ओढा की लेको! का इथेच दुकान टाकू?"

हसू की रडू कळेना! आम्ही ओढलं. तो पाय रोवून वर सरकला. आम्ही पुन्हा ओढलं. भोकातून आधी त्याची टोपी आली, मग तो. चेहरा पिठासारखा पांढरा. एक हातमोजा खालच्या दरीला वाहून आला होता. ताईने स्वतःच्या पिशवीतला जादा हातमोजा त्याच्या हातावर चढवला आणि त्याला पोटाशी घट्ट धरलं. बखिया तेव्हा एकदाच आयुष्यात गप्प बसला.

परत फिरावं का, हे कुणीच बोललं नाही. आणखी तासभर चढलो आणि एकदम चढ संपला. सपाट जागा. चारी बाजूंना थोडंथोडं चाचपडून पाहिलं, सगळीकडे उतारच! बखिया ओरडला, "पोचलो! ताई, पोचलो!"

मी तबकडी पुसली. चार हजार एकशे पंचेचाळीस. पासष्ट मीटर कमी. म्हणजे शिखर हे नव्हे. मी तसं सांगितलं, आणि ताई एका खडकाच्या आडोशाला मटकन बसली. वाऱ्यापासून तोंड लपवायला तिने डोकं खडकाला टेकवलं. बर्फाचा पातळ पापुद्रा मोडला. तिने हाताने आणखी खरवडलं. मग एकदम दोन्ही हातांनी खरवडायला लागली.

"काट्या! काट्या, इकडे ये!"

पितळ होतं. हिरवट पडलेलं, पण पितळच! उस्तादांचं नाव, त्यांच्या त्या कोरीव, वळणदार अक्षरांत. खाली ४२१०. त्याखाली टोच्याने ओरखडून घातलेली तारीख. ताईने हातमोजा काढला आणि त्या अक्षरांवरून उघडं बोट फिरवत राहिली. "थाप नव्हती," ती म्हणत होती, "थाप नव्हती रे!" बखिया भोकाड पसरून रडत होता. मीही रडत होतो, खोटं कशाला सांगू? पण माझी नजर त्या आकड्यावरून हटेना. ही जागा शिखर नाही. मग उस्तादांच्या काट्याने चार हजार दोनशे दहा दाखवले कसे?

मी पुन्हा तबकडी बघितली. चार हजार एकशे पन्नास. आम्ही बसल्या जागेवरून तसूभर हललो नव्हतो आणि काटा पाच मीटर चढला होता!

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. उंचीमापक म्हणजे काय, हवेचा दाब मोजणारी डबी. वर जावं तसा दाब कमी होतो आणि काटा पुढे जातो. पण वादळ यायचं असलं की दाब जागच्या जागीच पडतो, आणि त्या बिचाऱ्या डबीला वाटतं आपण चढतोय. रात्री खोपी चढली नव्हती, स्प्रिंगही सटकली नव्हती. यंत्र बोंब मारून सांगत होतं की वादळ येतंय, आणि मी त्याच्या तोंडात बोळा कोंबला होता! ते सकाळचे साठ परत मिळवा. चार हजार दोनशे दहा! सव्वीस वर्षांपूर्वी उस्ताद याच खडकापाशी, असल्याच वादळात उभे राहिले असतील. चारी बाजूंना उतार, काटा बरोबर आकड्यावर. कुणीही म्हणालं असतं, पोचलो.

मी धडाधड सगळं सांगून टाकलं. काटा मागे फिरवल्याचंही. बखियाने मला कचकचीत शिवी घातली, ती मला लागूच होती.

तेवढ्यात वाऱ्याने धुकं फाडलं. दोन श्वासांपुरतंच. समोर, एका खिंडीपलीकडे, शिखर उभं होतं. शंभर मीटर वर, पांढरं, टोकदार. आम्ही बसलो होतो तो नुसता त्याचा खांदा होता. ताईने ते पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावरचा आनंद विझत गेला. धुकं पुन्हा मिटलं.

"ऐका," बखिया घाईघाईने म्हणाला, "काट्याकडे स्क्रूड्रायव्हर आहे. पाटी काढू. वर नेऊन लावू. आपण तिघंच तर आहोत, कुणाला कळणार? उस्तादांचं नाव तरी साफ होईल!"

मी ताईकडे पाहिलं. ती हो म्हणाली असती तर मी गेलो असतो. खरंच गेलो असतो, आणि बहुतेक तिघंही तिथेच राहिलो असतो. तिने पाटीवर हात ठेवला.

"सगळ्या गावाने नावं ठेवली, पण बाबा एकदाही खोटं बोलले नाहीत. आणि आता त्यांच्या नावाने मी खोटं बोलू? नाही बखिया. त्यांनी जिथे लावली तिथेच राहू दे." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काटा काय म्हणतोय?"

"अजून चढतोय, ताई. खरं वादळ अजून यायचंय."

"मग चला. खाली!"

ते उतरणं! बर्फाच्या कण्या डोळ्यांत सुयांसारख्या घुसत होत्या. आमची मघाची पावलं बुजून गेली होती. कड्यापाशी हवेतल्या विजेने केस उभे राहिले, कुऱ्हाडी मधमाश्यांसारख्या गुणगुणायला लागल्या. "झोपा!" ताई किंचाळली. आम्ही पालथे झालो. वीज पडली! वरच्या खडकाचा कपचा उडून आमच्या डोक्यावरून गेला. उठलो. चाललो. पुन्हा झोपलो. बखिया बसकण मारायला लागला तेव्हा ताईने त्याला दवाखान्यातल्या हट्टी पेशंटसारखं झापलं, "ऊठ! तुझी बायको मला विचारेल, तिला काय सांगू?" तो उठला. संध्याकाळचा अंधूक उजेड असतानाच पायाला खोपीचा दगड लागला. मी दाराची कडी धरून उभा राहिलो, मला ती सोडवेना.

परतीच्या बसमध्ये वाद झाला. बखिया म्हणे, "अगं, मरणाऱ्या माणसाला शिखरावर मिळाली म्हणून सांगितलं तर काय आभाळ कोसळणार आहे?" ताईने काय ठरवलंय ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

उस्ताद दुकानामागच्या खोलीत पडून होते. डावी बाजू गेलेली, शब्द जड झालेले, पण डोळे तस्से! उघड्या दारातून दिसणारा दुकानाच्या भिंतीवरचा रिकामा खिळा त्यांनी केव्हाच हेरला होता.

"कुठे नेलं होतंत माझं यंत्र?"

ताई पलंगाशी गुडघ्यांवर बसली. "बाबा, पाटी मिळाली."

त्यांनी डोळे मिटले. मग विचारलं, "स्क्रू?"

"चारही घट्ट आहेत."

"पितळी आहेत. गंजायचे नाहीत." ओठाच्या एका कोपऱ्यात हसू आलं. मग डोळे उघडून म्हणाले, "मग त्या सात जणांना कशी दिसली नाही?"

ताईने त्यांचा हात घट्ट धरला.

"बाबा, ती शिखरावर नाही. पूर्वेच्या खांद्यावर आहे. शंभर मीटर खाली."

मला वाटलं, संपलं. या सत्याने आपण त्यांना मारलं. पण उस्तादांनी नजर माझ्याकडे वळवली. ती बाकावरची नजर होती, एखादं न उलगडणारं यंत्र समोर आल्यावरची.

"दाब?" ते म्हणाले.

"पडला होता, उस्ताद. रात्रीत साठ. वर पोचेपर्यंत शंभर."

उजवा हात चादरीवर हलायला लागला. ते बोटाने हिशेब मांडत होते. मग हात थांबला, आणि त्यांच्या छातीतून एक विचित्र खरखर निघाली. ताई घाबरून नाडी बघायला गेली. नाडी कसली, ते हसत होते!

"यंत्र बरोबर होतं! अरे, ते बरोबर सांगत होतं, आणि मी गाढव... सव्वीस वर्षं मी लोकांच्या तोंडाकडे बघत बसलो, यंत्राला एकदाही विचारलं नाही!"

"बाबा," ताईचा बांध फुटला, "मी तुमच्या बोलण्याला थापा म्हणाले होते. सगळ्यांसमोर. मला माफ करा, बाबा!"

"रडतेस काय, वेडे? मी पोचलो नव्हतो हे तर खरंच ना?" त्यांनी अडखळत, पण एकेक शब्द निवडून सांगितलं, "जा, गावात सांग. उस्ताद चुकला होता म्हणावं. चुकला. चूक माझी आहे, ती मला चालेल. थाप माझी नव्हती."

आम्ही तिघांनी ते गावभर केलं. आठवडाभराने काठी टेकत मंडळाचे माजी अध्यक्ष आले. उस्ताद त्यांना बघताच ओरडले, "अध्यक्ष, मी पोचलो नव्हतो! तुमचंच खरं!"

म्हातारा खुर्चीत बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"पूर्वेच्या धारेने गेला होतात?"

"हो."

"वादळात? एकटे?"

"यंत्र होतं की बरोबर."

अध्यक्षांनी टोपीची कड चाचपली. "आम्ही सात होतो, आणि ऊन होतं," ते म्हणाले. "वरून त्या धारेकडे बघून मीच म्हटलं होतं, या बाजूने माणूस येणं शक्य नाही. म्हणून खांद्यावर कुणी शोधायला उतरलोच नाही. चूक माझीसुद्धा आहे, उस्ताद."

उस्तादांनी त्यांना हाताने जवळ बोलावलं. खुर्ची पलंगाला लागली. आणि मग ते सांगायला लागले, खोपीपासून, शब्दाला ठेचकाळत, नाकाचा शेंडा काळा पडला तिथपर्यंत. ताई त्यांच्या पायांशी बसून ऐकत होती. एका ठिकाणी ते अडले तर म्हणाली, "बाबा, त्या बर्फाच्या पडवीचं राहिलं," आणि ते खूश होऊन मागे गेले.

त्यानंतर ते नऊ दिवस जगले. येईल त्याला त्यांनी ती गोष्ट सांगितली. औषधवाल्याला, दूधवाल्याला, मावशीला तर चारदा. शिखरावर मी पुढेही कधी गेलो नाही, आणि त्याची मला खंतही नाही. बखिया गेला, अध्यक्ष गेले, दुकानाच्या जागी आता दुसरंच काही आहे. पण ते नऊ दिवस मला स्पष्ट आठवतात, कारण त्या दिवसांत ताई वडिलांजवळ बसून जितकी हसली, तितकी हसताना मी तिला आधी कधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.